अनामत कोणाची, मोडतोड कोणाची?

(पालक व विद्यार्थी यांच्या सभेत एका खेड्यातील प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत तो ऐकून काही मंडळींना नवल वाटेल. मास्तरांनी शिक्षणावर बोलावे, दारूबंदीवर बोलावे, लग्नातील उधळपट्टीवर बोलावे; भाड्याच्या खोलीच्या अनामत रकमेवर व्याख्यान कसले देता, असे कोणी विचारील. त्यांना आमचे उत्तर इतकेच की, ज्या वाटेने गरिबाचा पैसा मुकाट्याने जातो, ती वाट दाखविणे हेही शिक्षणच होय.

जून महिना उजाडला की आपली मुले-मुली शहराकडे निघतात. कोणी पुण्यास, कोणी कोल्हापुरास, कोणी छत्रपती संभाजीनगरास. बापाला त्या वेळी दोन मोठ्या रकमा एकदम उभ्या कराव्या लागतात. एक कॉलेजची फी आणि दुसरी खोलीची अनामत. फीची पावती मिळते. अनामतीची पुष्कळदा मिळत नाही. आणि ही रक्कम येते कोठून? कोणी शेळ्या विकतो, कोणी दुधाच्या बिलावर उचल घेतो, कोणी घरधनिणीच्या गळ्यातले गहाण टाकतो. दोन-तीन वर्षांनी खोली सोडण्याची वेळ आली की मालक भिंतीकडे बोट दाखवितो, नळाकडे दाखवितो, फरशीकडे दाखवितो आणि तीस हजारांतले पाच हजार हातावर ठेवून दार लावून घेतो. पोरगा खाली मान घालून एस. टी.त बसतो. बाप म्हणतो, ‘जाऊ दे बाबा, शहरातल्या माणसाशी आपण काय भांडावे!’ हे ‘जाऊ दे’ आम्हांला आज मोडावयाचे आहे.

परंतु दुसरीही बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे सत्याला सोडून होईल. चाकण, रांजणगाव, वाळूज या ठिकाणी कारखाने आले. भोवतालच्या गावांतील शेतकऱ्यांनी दहा-दहा, वीस-वीस खोल्यांच्या ओळी बांधल्या. त्यांत मराठवाड्यातील, विदर्भातील, बिहारमधील कामगार राहतात. म्हणजे काल जो कुळ होता, तो आज मालक झाला आहे. आमचा बहुजनसमाज आज उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभा आहे. यास्तव आम्ही येथे भाडेकरूची वकिली करावयास उभे नाही आणि मालकाचीही नाही. दोघांचा हक्क कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, एवढेच सांगावयाचे आहे.

अनामत म्हणजे काय?

प्रथम शब्दाचा अर्थ नीट लावू. अनामत म्हणजे ठेव. शेजारीण तीर्थयात्रेस जाताना तुमच्या घरी डबा ठेवून गेली, तर डबा तुमचा होत नाही. तुम्ही राखणदार असता. खोलीची अनामतही तशीच. ती मालकाच्या हाती असते, पण ती त्याची कमाई नव्हे. भाडे थकले, विजेचे बिल थकले, किंवा भाडेकरूने काही मोडले, तर त्या नुकसानीपुरती ती जामीन असते. काही थकले नाही व काही मोडले नाही, तर पैसे जसेच्या तसे परत. एवढे साधे आहे. मात्र आमच्या लोकांनी अनामत व पागडी यांची गल्लत केली आहे. पागडी ही परत न येणारी रक्कम. मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरविला होता. पुढे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने तिला मोकळीक दिली. म्हणून कागदावर ‘परत देण्याची अनामत’ हे शब्द स्पष्ट असले पाहिजेत. नुसते ‘डिपॉझिट घेतले’ असे मोघम लिहून भागत नाही.

अनामत किती घ्यावी याला महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने मर्यादा घातलेली नाही. २०२१ साली केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर करून राज्यांकडे पाठविला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून आणि इतर जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, आणि जागेचा ताबा घेतील त्याच दिवशी योग्य ती वजावट करून उरलेली रक्कम परत द्यावी, असे लिहिले आहे. पण नमुना म्हणजे कायदा नव्हे. राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा केल्यावाचून तो कोणावर बंधनकारक होत नाही. तरीपण रक्कम ठरविताना त्याकडे बोट दाखविण्यास काय हरकत आहे? ‘देशाच्या सरकारने दोन महिने वाजवी मानले, तुम्ही सहा का मागता?’ असा सवाल मुलाच्या बापाने नम्रपणे पण उभे राहून करावा.

येथे एक मौज सांगण्याजोगी आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या कागदावर सरकार जे मुद्रांक शुल्क घेते, ते काढताना एकंदर भाड्यात परत द्यावयाच्या अनामतीवरचे दरसाल दर शेकडा १० प्रमाणे व्याज मिळवितात, आणि त्या बेरजेवर पाव टक्का शुल्क आकारतात. म्हणजे अनामत बिनव्याजी वापरावयास मिळणे हा मालकाचा फायदा आहे, हे सरकारला पक्के ठाऊक आहे. त्या फायद्यावर ते आपले शुल्क घेते. मालकालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त पैसे देणाऱ्याला! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे. व्याज मिळावे असा करार कोणी सहसा करीत नाही, हे खरे. पण व्याज सोडले म्हणून मुद्दलही सोडावे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

कागदाची गोष्ट

आता कागदाकडे वळू. खेड्यातील मालकाच्या मनात एक भूत बसले आहे. ‘कागद केला तर कूळ लागेल आणि खोली जाईल’ हे ते भूत. १९४८ च्या कुळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला जमीन मिळाली, ही गोष्ट खरी. पण ती शेतजमिनीची गोष्ट आहे. राहावयास दिलेल्या खोलीला तो कायदा लागू नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात राहणाऱ्याला जागेत मालकीहक्क मिळत नाही, केवळ ठरल्या मुदतीपर्यंत राहण्याची परवानगी मिळते. उलट, कागद नसेल तरच मालक उघडा पडतो. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ काय म्हणते पाहा. भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे व नोंदलेला असला पाहिजे. नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदलेला कागद नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. आणि कसूर करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात.

‘अकरा महिन्यांचा कागद आहे, नोटरी केला आहे, आता नोंदणी कशाला?’ हा दुसरा भ्रम. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यावरून अकरा महिन्यांची युक्ती निघाली. परंतु कलम ५५ मध्ये महिन्यांची सूट नाही. अकरा दिवसांचा करार असला तरी तो नोंदला पाहिजे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. १९९९ चा कायदा त्याला जोडलेल्या परिशिष्टांतील क्षेत्रांना लागू आहे. मोठी शहरे त्यात येतात. आपले गाव त्यात येते की नाही, हे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारून घ्यावे. येत नसले तरी कागद करून नोंदवावा, असेच आमचे सांगणे आहे.

खर्च किती? समजा, शहरातील खोलीचे भाडे महिना ६,००० रुपये, मुदत ११ महिने, अनामत ३०,००० रुपये. एकंदर भाडे ६६,००० रुपये. अनामतीवर ११ महिन्यांचे व्याज २,७५० रुपये. बेरीज ६८,७५० रुपये. त्यावर पाव टक्का म्हणजे पावणेदोनशेच्या आतबाहेर. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये व ग्रामीण भागात ५०० रुपये, आणि वर किरकोळ हाताळणीचे पैसे. तीस हजार रुपये राखण्यासाठी एवढा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा केला तर कोणाचे घर बुडत नाही.

आणि कागदात खरी रक्कम लिहा. शुल्क वाचविण्यासाठी तीस हजारांचे दहा हजार लिहिण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती मोठी घातक आहे. कारण मुदत संपल्यावर जागा परत घेण्याच्या कामात, कलम २४ प्रमाणे, लेखी करारात जे लिहिले तोच निर्णायक पुरावा मानला जातो. ज्याने दहा हजारांवर सही केली, त्याने वीस हजारांवर स्वतःच पाणी सोडले म्हणावयाचे. अनामत रोख न देता बँकेतून द्यावी, आणि करारात त्या व्यवहाराचा क्रमांक घालावा. भाड्याची पावती मागावी; १९९९ च्या कायद्याने पावती देणे मालकावर बंधनकारक केले आहे. पावती मागणे म्हणजे मालकावर अविश्वास दाखविणे नव्हे.

कागदाची ही शिकवण आम्हांला नवी नाही, ती फार महागात मिळालेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी सावकारांच्या घरचे कर्जरोखे जाळण्यात आले. का जाळले? अंगठा शेतकऱ्याचा, पण अक्षर सावकाराचे. काय लिहिले ते वाचता येत नव्हते आणि फेड केल्याची पावती मिळत नव्हती. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात रोखा गावच्या निबंधकापुढे व्हावा, सावकाराने लेखी पावती द्यावी, हिशेब द्यावा, असे नियम घातले गेले. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला आणि विद्येचा आग्रह धरला, तो अशाच अंगठ्यांच्या काळात. आज आमच्या मुलांना वाचता येते. तरी ते करार न वाचता सही करतात, आणि कोणी तर मोबाईलवर आलेला कागद न उघडताच आधारचा अंगठा लावून मोकळे होतात. मग तेव्हाच्या अंगठ्यात आणि आताच्या अंगठ्यात फरक तो काय राहिला?

झीज वेगळी, मोडतोड वेगळी

आता भांडणाच्या मुळाशी जाऊ. बैल नांगराला जुंपला की नांगराचा फाळ झिजतो. फाळ झिजला म्हणून कोणी गड्याचा पगार कापीत नाही. पण गड्याने रागाच्या भरात फाळ दगडावर आपटून मोडला, तर भरपाई मागतात. घराचेही तसेच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये हेच तत्त्व सांगितले आहे. भाडेकरूने जागा जशी घेतली तशी परत करावी. परंतु वाजवी वापराने झालेली झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीने झालेला फेरफार यांबद्दल तो जबाबदार नाही. ते कलम भाडेपट्ट्यासाठी आहे, आणि करारात वेगळे ठरले नसेल तेव्हा लागू होते. म्हणून लिव्ह अँड लायसन्सच्या कागदातही ‘वाजवी झीज वगळून’ हे तीन शब्द घालून घ्यावेत. तीनच शब्द, पण पुढे हजारो रुपये वाचवितात.

झीज कोणती? उन्हाने रंग विटणे, पावलांनी फरशीची चकाकी जाणे, नळाची तोटी सैल होणे, दाराची कडी घासणे, ओलीने गिलाव्याचे पापुद्रे सुटणे. मोडतोड कोणती? बेसिन फुटणे, खिडकीची काच फुटणे, ओट्याचा दगड भाजणे, मालकाला न विचारता भिंत फोडणे, मोरीत खरकटे टाकून पाइप तुंबविणे. पहिल्या यादीचा भार मालकाचा, दुसऱ्या यादीचा राहणाऱ्याचा.

२०२१ च्या नमुन्यात तर दुरुस्त्यांची वाटणीच करून दिली आहे. घराच्या बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, गरज पडेल तेव्हा पाण्याचे पाइप बदलणे व विजेच्या तारा यांचा भार मालकाकडे. नळ व त्याचे वॉशर, मोरीची सफाई, बेसिनची दुरुस्ती, विजेची बटणे, कुलपे व मुठी, खिडकीची काच यांचा भार राहणाऱ्याकडे. करारात निराळे ठरविण्यास मोकळीक आहेच. पण ज्यांच्या करारात काहीच लिहावयाचे सुचत नाही, त्यांनी हीच वाटणी उतरून घ्यावी. त्यात दोन्ही पक्षांना न्याय आहे. तोटी सैल झाली की मालकाला फोन करणे जसे शोभत नाही, तसे छत गळू लागले म्हणून भाडेकरूच्या अनामतीतून पत्रा बदलणेही शोभत नाही.

छत गळत असेल तर जिन्यात गाठून सांगू नका, लिहून कळवा. भाडेपट्ट्याच्या भाडेकरूला १९९९ च्या कायद्याने असा मार्ग दिला आहे की, किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नव्हे. लिव्ह अँड लायसन्सने राहणाऱ्याने मात्र असे परस्पर वजा करू नये, आधी मालकाची लेखी संमती घ्यावी. न कळविता गप्प बसणाऱ्याला शेवटी ‘ओल तुम्हीच आणली’ असे ऐकून घ्यावे लागते.

नुकसान सिद्ध करा, मग पैसे कापा

‘करारात लिहिले आहे की, अट मोडल्यास सर्व अनामत जप्त होईल. मग आता काय करता?’ असे कागद घेऊन लोक आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही बटाट्याची गोष्ट सांगतो. मौला बक्ष नावाच्या एका ठेकेदाराने १९४७ साली संयुक्त प्रांतात लष्कराला बटाटे पुरविण्याचा करार केला आणि १०,००० रुपये अनामत ठेवली. कोंबड्या, अंडी व मासे पुरविण्याचा दुसरा करार केला आणि ८,५०० रुपये ठेवले. माल वेळेवर पोचला नाही. सरकारने करार रद्द केले आणि दोन्ही अनामती जप्त केल्या. कागदात तसे लिहिलेच होते. खटला चालत चालत सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ साली न्यायालयाने सांगितले की, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी नुकसानभरपाईच मिळते. जे नुकसान पैशात मोजता येण्याजोगे आहे, ते मोजून सिद्ध केले पाहिजे. सरकारला बाजारभाव दाखवून आपले नुकसान सिद्ध करता आले असते. ते त्याने केले नाही. म्हणून अनामत दाबून ठेवण्याचा त्याला हक्क नाही.

बांधवांनो, ठेकेदाराने करार मोडला होता, समोर देशाचे सरकार होते आणि कागदात जप्तीची अट होती. एवढे असूनही नुकसान सिद्ध केल्यावाचून पैसा ठेवता आला नाही. मग एखाद्या खोलीमालकाने नुसते भिंतीकडे बोट दाखवून पंचवीस हजार कसे ठेवावेत? ‘नुकसान दाखवा, दुरुस्तीचे बिल दाखवा आणि तेवढेच कापा’ एवढे वाक्य आमच्या प्रत्येक मुलाने व मुलीने पाठ करावे.

नुकसान मोजावे कसे, हे चौथीच्या गणिताने समजते. समजा, मुलगा राहावयास आला तेव्हा खोलीला नुकताच रंग दिला होता. असा रंग पाच वर्षे टिकतो असे धरू. मुलगा तीन वर्षे राहिला आणि एका भिंतीवर तेलाचे डाग पाडून गेला. मालक म्हणतो, साऱ्या खोलीच्या रंगाचे १०,००० रुपये कापतो. हिशेब करा. भिंती चार, डाग एकीवर. तिचा वाटा २,५०० रुपये. रंगाचे आयुष्य पाच वर्षे, त्यातली तीन झिजेत गेली, उरली दोन. २,५०० चे दोन पंचमांश म्हणजे १,००० रुपये. मुलाच्या चुकीने मालकाचे जे नुकसान झाले ते हे. उरलेले ९,००० रुपये मालकाने आपल्या घराला स्वतः लावावयाचे आहेत. जुन्याच्या जागी नवे घेणे आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारणे, याला भरपाई म्हणत नाहीत.

मालकाचेही ऐका

आता मालकाच्या वतीने दोन शब्द. काही भाडेकरू शेवटचे तीन महिने भाडेच देत नाहीत. ‘अनामतीतून वळते करून घ्या’ म्हणतात आणि एके रात्री कुलूप लावून निघून जातात. मागे विजेचे बिल, फुटलेले बेसिन आणि तुंबलेली मोरी. ही शुद्ध लबाडी आहे. मालकाने कबूल केल्यावाचून भाडे अनामतीतून वळते करून घेण्याचा हक्क राहणाऱ्याला नाही, कारण त्यामुळे मोडतोडीची जामीनच नाहीशी होते. थकलेले भाडे, थकलेले बिल आणि सिद्ध झालेले नुकसान मालक खुशाल कापू शकतो. नुकसान अनामतीहून जास्त असेल, तर उरलेले मागण्याचाही त्याला हक्क आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपून जागा न सोडणाऱ्याकडून, कलम २४ प्रमाणे, ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घेता येते. ज्या मालकाने ओल्या-सुक्या जमिनीच्या पैशातून चार खोल्या बांधल्या आणि त्यावर म्हातारपण काढतो, त्याच्या घराची नासधूस करणे हेही गरिबाला लुबाडणेच होय.

म्हणून दोघांचेही संरक्षण पहिल्या दिवशी होते, शेवटच्या दिवशी नव्हे. शेवटच्या दिवशी जो तो आपल्या आठवणीप्रमाणे बोलतो, आणि आठवण ही नेहमी आपल्या खिशाकडे झुकते. यास्तव पहिल्या दिवशी सामान आत नेण्यापूर्वी मालक व राहणारा या दोघांनी मिळून खोलीत फिरावे. पंखे किती, दिवे किती, नळ किती, कोणती फरशी आधीच फुटलेली आहे, कोणत्या भिंतीला ओल आहे, विजेच्या मीटरवर आकडा काय आहे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मोबाईलवर फोटो काढून त्याच वेळी एकमेकांना पाठवावेत, म्हणजे तारीख आपोआप राहते. सोडण्याच्या दिवशी तीच यादी हातात घेऊन पुन्हा फिरावे. यादीत जे होते ते आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. किल्ली दिल्याची पोच घ्यावी आणि अनामत त्याच वेळी घ्यावी. ‘किल्ली व अनामत यांची देवघेव एकाच वेळी होईल, वजावट केल्यास तिचा लेखी हिशेब बिलासह दिला जाईल’ अशी ओळ करारात आधीच असावी.

एवढे करूनही पैसे अडवून धरले तर? भांडण करू नये, दारात ओरडू नये. पोचपावतीसह टपालाने लेखी मागणी करावी. त्यात रक्कम, किल्ली दिल्याची तारीख आणि परत करण्याची मुदत लिहावी. दाद लागली नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अल्प उत्पन्नाच्या माणसांना वकिलाची मदत फुकट मिळते. खटला घालण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत तडजोडीसाठी ठेवता येते, आणि तेथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. त्यावर अपील नाही. तडजोड झाली नाही तर दिवाणी न्यायालय आहे. मात्र रक्कम परत मिळण्याची वेळ आल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा घातला पाहिजे. त्यानंतर हक्क असूनही हात रिकामा राहतो.

शेवटचे बोलणे

एक गोष्ट सांगून आम्ही बसतो. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढून सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली. का करावे लागले हे? खेड्यातून आलेल्या बहुजनांच्या पोराला शहरात डोके टेकावयास जागा नव्हती म्हणून. शिक्षणाची वाट आधी निवाऱ्याच्या दारातून जाते, हे त्या थोर पुरुषांनी ओळखले होते.

आज त्याच बहुजनांची पोरे घरमालक झाली आहेत. ते खोली देण्यापूर्वी आडनाव विचारतात, आडनावावरून जात काढतात, आणि जात आवडली नाही तर ‘खोली भरली’ म्हणून सांगतात. ज्याला ठेवून घेतात, त्या परप्रांतीय कामगाराची अनामत ‘तो काय कोर्टात जातोय’ म्हणून गिळतात. पाहुणेहो, ज्या सावकाराचे रोखे आमच्या पणज्यांनी जाळले, तो सावकार शेटजीच्या पागोट्यात नव्हता. दुसऱ्याचे अज्ञान हीच आपली मिळकत समजणाऱ्या बुद्धीत तो होता. ती बुद्धी आमच्या घरात शिरली तर तो सावकार आमच्याच ओसरीवर येऊन बसला, असे समजावे.

तेव्हा ज्यांची मुले यंदा शहरात जाणार आहेत, त्यांनी सही करण्यापूर्वी करार आमच्याकडे घेऊन यावा. शाळा सुटल्यावर आम्ही सोबत बसून वाचून देऊ. आणि ज्यांच्या खोल्या आहेत, त्यांनीही यावे. त्यांच्या खोल्यांची यादी आमची सातवीची मुले सुवाच्य अक्षरात लिहून देतील. ठेव ज्याची त्याला परत जावी आणि नुकसान ज्याने केले त्याने भरावे, यापलीकडे सत्यधर्म दुसरा नाही. 

सत्याचा जय असो.